चौथा टायर कुठाय?

अब्बांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरातली शांतता संपली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्यानं उभ्या आयुष्यात दिवसा पाठ टेकली नाही, त्याला महिनाभर खाटेवर बसवून ठेवायचं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असा माणूस आहे त्यालाच कळेल. पहिला आठवडा त्यांनी पंख्याचा आवाज, दूधवाल्याचं माप आणि माझ्या बायकोचा चहा यांच्यातल्या चुका काढण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यात भाईजानचा मुलगा पुण्याहून आला. तो मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पुस्तकांपेक्षा फॉर्म्युला वनच्या शर्यती जास्त बघतो. त्यानं खाटेवर बसून दादांपुढे मोबाईल धरला.

"दादा, ये देखो."

एक गाडी आली, थांबली, वीसेक माणसं तिच्यावर तुटून पडली, गाडी निघून गेली.

"क्या हुआ?" अब्बांनी विचारलं.

"टायर बदले दादा. चारों."

"कब?"

त्यानं परत दाखवलं. मग सावकाश करून दाखवलं. अब्बांनी चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा बघितलं. बराच वेळ गप्प राहिले. मग काळजीच्या सुरात म्हणाले, "और पैसे कब लेते? गिऱ्हाईक तो भाग गया!"

अब्बांची सोलापूर-पुणे रस्त्यावर, मोहोळच्या अलीकडे, पंक्चरची टपरी होती. चाळीस वर्षं. आता तिथं भाईजानचं दुकान आहे, मशीन आहे, पाटी आहे. मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. माझ्या हाताला आता खडू लागतो, पण एके काळी याच हाताला सोल्युशनचा वास यायचा आणि साबणानं तो जायचा नाही.

मला शर्यतीतलं काही कळत नव्हतं. जे कळलं ते त्या आठवड्यात पुतण्याकडून, म्हणून थोडक्यात सांगतो. शर्यत चालू असताना गाडी टायर बदलायला ज्या गल्लीत येते तिला पिट लेन म्हणतात आणि तिथं वाट बघत उभ्या असलेल्या माणसांना पिट क्रू. एकेका चाकाला तीन माणसं: एक जण नट सोडवायचं आणि आवळायचं मशीन धरतो, दुसरा जुनं चाक ओढून काढतो, तिसरा नवं बसवतो. झाली बारा. पुढच्या जॅकला एक, मागच्या जॅकला एक, गाडी हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी धरणारे दोघं, आणखी चार-दोन जण. चाकाला नट एकच, मधोमध. पेट्रोल भरणं 2010 पासून बंद आहे, त्यामुळे काम फक्त टायरचं. 2023 साली कतारच्या शर्यतीत मॅक्लॅरेनच्या माणसांनी लँडो नॉरिसच्या गाडीचे चारही टायर 1.80 सेकंदांत बदलले. आपण पूर्ण बिस्मिल्लाह म्हणेपर्यंत गाडी गेलेली असते.

मी हे ऐकून थक्क झालो. अब्बा झाले नाहीत. त्यांनी धंद्यातल्या माणसाचा प्रश्न विचारला. "इतने लोगां, इतनी जल्दी. तो भूल कितनी होती?"

पुतण्याचा चेहरा खुलला. त्याच्याकडे तर खजिनाच होता.

पहिला किस्सा 1999 सालचा, जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा. फेरारी म्हणजे या खेळातलं सगळ्यांत मोठं घराणं. त्यांचा मुख्य ड्रायव्हर मायकेल शूमाकर पाय मोडून घरी बसलेला, म्हणून विजेतेपदाची सगळी भिस्त एडी अर्वाईनवर. शर्यतीत पावसाचा लपंडाव चालू. अर्वाईन टायर बदलायला आला. माणसं धावली. पुढची दोन चाकं बसली, मागचं एक बसलं, आणि उजव्या हाताचं मागचं चाक बसवायला बघतात तर टायरच नाही! जगातली सगळ्यांत श्रीमंत टीम, गाडी जॅकवर, ड्रायव्हर आत, आणि सगळे एकमेकांना विचारतायत, चौथा टायर कुठाय?

अब्बा इतके हसले की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. "हौ, ऐसाच होता! स्टेपनी निकालने कू बोले तो हर एक समझता दूसरा निकालेगा!"

टायर सापडेपर्यंत अर्धं मिनिट जवळजवळ गेलंच. अर्वाईन सातवा आला. तेव्हा गुण फक्त पहिल्या सहा जणांना मिळायचे, म्हणजे हाती शून्य. वर्षाच्या शेवटी हाक्किनेनचे 76 गुण झाले आणि अर्वाईनचे 74. दोन गुणांनी विजेतेपद गेलं. आता विजेतेपद एकाच टायरमुळे गेलं असं म्हणता येणार नाही, वर्षभरात इतरही चुका झाल्या असतील. पण लोकांच्या लक्षात टायरच राहिला.

दुसरा किस्सा दुकान चुकल्याचा. 2011 साली चीनच्या शर्यतीत जेन्सन बटन पहिल्या नंबरवर होता. पिटमध्ये आला आणि आपल्या मॅक्लॅरेनच्या दुकानाऐवजी रेड बुलच्या दुकानापुढे थांबला. ती माणसं आपल्या गाडीची वाट बघत टायर घेऊन बसलेली. त्यांनी हातवारे करून सांगितलं, अरे बाबा, पुढं जा! स्टीअरिंगवरचं बटण बघत होतो म्हणून चुकलो, असं त्यानं नंतर सांगितलं. दोन वर्षांनी मलेशियात लुईस हॅमिल्टननं तसंच केलं. तो त्याच वर्षी मॅक्लॅरेन सोडून मर्सिडीजमध्ये गेला होता आणि सवयीनं जुन्या मालकाच्या दारात जाऊन उभा राहिला. जुन्या लोकांनी हात दाखवून पुढे घालवलं. बदली झाल्यावर पहिल्या आठवड्यात जुन्या शाळेच्या एसटीत बसलेले शिक्षक मी स्वतः पाहिलेत, त्यामुळे मला हॅमिल्टनचं काही वाटलं नाही.

तिसरा किस्सा 2020 सालचा, बहरीनमधल्या साखीरच्या शर्यतीतला. मर्सिडीजच्या दोन्ही गाड्या एकामागोमाग पिटमध्ये आल्या. रेडिओचा घोळ झाला, कुणाचे टायर आधी आणायचे हे सगळ्यांना नीट ऐकू गेलं नाही. जॉर्ज रसेलच्या गाडीला पुढचे दोन टायर बोट्टासचे लागले. एकाच टीमच्या दोन गाड्या असल्या तरी एकाचे टायर दुसऱ्याला लावणं नियमात बसत नाही. रसेलला परत बोलवावं लागलं. आणि मागं उभ्या बोट्टासला, त्याचे नवे टायर दुसऱ्याच्या गाडीवर गेल्यामुळे, त्याचेच काढलेले जुने टायर परत लावून पाठवलं. टीमला वर 20,000 युरो दंड.

"जुम्मे के बाद चप्पल बदलती ना, वैसा," अब्बा म्हणाले. यापेक्षा चांगलं कुठल्या क्रीडा पत्रकाराला सांगता येईल असं मला वाटत नाही. मशिदीच्या पायऱ्यांवर एक जण घाईत दुसऱ्याच्या चपला घालून जातो, आणि शेवटी उरलेला माणूस उरलेल्या जोडीकडे बघत उभा राहतो. बोट्टास तो शेवटचा माणूस होता.

मग पुतण्यानं चौथा व्हिडिओ लावला. 1991, पोर्तुगाल, एश्टोरिलची शर्यत. नायजेल मॅन्सेल, विल्यम्सची गाडी, आघाडीवर. टायर बदलले, खूण झाली, गाडी निघाली, आणि पिट लेनमध्येच मागचं उजवं चाक निखळून गाडीपासून वेगळं झालं. नट बसलाच नव्हता. चाक एकीकडे, गाडी तीन चाकांवर एकीकडे. माणसं धावत गेली आणि लेनच्या मधोमध नवं चाक बसवलं. तसं करायला मनाई होती, म्हणून मॅन्सेलला काळा झेंडा दाखवून बाद केलं. त्या वर्षीचं विजेतेपद सेन्नानं जिंकलं.

पुतण्या हसत होता. या वेळी अब्बा हसले नाहीत. मीही हसलो नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघणं टाळलं.

कारण त्याच 1991 च्या मे महिन्यात मी हेच केलं होतं.

लग्नसराईचे दिवस होते. मी तेरा वर्षांचा. भाईजान गावाला गेलेला, टपरीवर अब्बा आणि मी. वऱ्हाड भरलेली जीप आली, मागचं चाक बसलेलं. आत बायका, लेकरं, टपावर ट्रंक. नवरदेव पुढच्या गाडीत निघून गेलेला, त्यामुळे ड्रायव्हरची घाई आणि सगळ्यांची त्याच्यावर आरडाओरड. अब्बा एका ट्रकच्या चाकाशी झटत होते. मला म्हणाले, स्टेपनी चढव. मी चढवली. मला ते काम यायचं आणि येतं याचा गर्वही होता. चाक वर असताना नट हातानं फिरवून अर्धवट बसवायचे, जॅक उतरवायचा, चाक जमिनीला टेकलं की मग पान्ह्यानं जोर लावून आवळायचे. मी जॅक उतरवला. तेवढ्यात जीपमधल्या एका बाईनं मला लाडू दिला. मी लाडू खाल्ला. ड्रायव्हरनं पैसे माझ्या हातात कोंबले आणि जीप निघाली.

अब्बांनी ट्रककडून मान वळवून विचारलं, "आवळे ना?"

मी बोललो नाही. माझ्या तोंडात लाडू होता, आणि पान्हा जिथं ठेवला होता तिथंच होता.

माझा बाप मी एरवी कधी पळताना पाहिला नव्हता. शेजारच्या चहावाल्याची एम-एटी उभी होती. त्याला न विचारता त्यांनी ती उचलली, पान्हा माझ्या हातात दिला, मला मागं बसवलं. तीन किलोमीटरवर जीप दिसली. मागचं चाक दारू प्यायल्यासारखं डुलत होतं. अब्बा हॉर्न वाजवत, ओरडत, जीपच्या पुढं जाऊन आडवे झाले. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानं शिव्या द्यायला सुरुवात केली. त्याला वाटलं पैसे कमी पडले म्हणून आलोय. अब्बांनी त्याला हातानं चाक हलवून दाखवलं. मग शिव्या वेगळ्या झाल्या. "पोरगं कामाला ठेवता, माणसं मारता काय?"

अब्बा खाली बसून नट आवळत होते. वर न बघता म्हणाले, "पोराचं नाही. माझ्याकडून राहिलं. माफ करा."

पाचही नट त्यांनी दोनदा फिरून तपासले. परत येताना गाडीवर ते काही बोलले नाहीत. टपरीवर आल्यावर एवढंच म्हणाले, "जॅक उतरल्यावर पान्हा हातातून सोडायचा नाही. कुणी लाडू दिला तरी." त्या दिवसापासून त्यांनी एक रीत घातली. चाक बसवणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तपासणाऱ्यानं "झालं" म्हटल्याशिवाय गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचे नाहीत. पैसे घेतले नाहीत की गाडी हलत नाही, हा त्यांचा हिरवा दिवा. शर्यतीचा व्हिडिओ बघून त्यांना पहिली काळजी पैशांची का वाटली, हे मला त्या दिवशी खाटेजवळ बसल्यावर कळलं.

शर्यतीतही दिव्यांची पद्धत आहे. चारही चाकांवरून झाल्याची खूण आली की ड्रायव्हरला हिरवा दिवा दिसतो. पण दिवाही चुकतो. 2008 साली सिंगापूरमध्ये फेलिपे मासाला पेट्रोलची नळी गाडीतच असताना हिरवा दिवा लागला. तो नळी उपटून घेऊन निघाला, पिट लेनच्या टोकाला थांबला, आणि लाल कपड्यातली फेरारीची माणसं एवढं अंतर धावत जाऊन ती नळी ओढायला लागली. ते दृश्य बघून हसू येतं. मासा तेरावा आला आणि वर्षअखेर एका गुणानं विजेतेपद हुकला, हे कळल्यावर हसू कमी होतं. 2018 साली बहरीनमध्ये रायकोनेनच्या गाडीचं एक चाक बदललंच नव्हतं तरी दिवा हिरवा झाला, गाडी निघाली आणि पुढं उभ्या मेकॅनिकचा पाय मोडला. तिथं हसू राहतच नाही.

पुतण्यानं आणखी एक गोष्ट सांगितली ती मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्येही सांगितली. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या रुग्णालयात हृदयाचं ऑपरेशन झालेलं मूल अतिदक्षता विभागाच्या ताब्यात देताना नळ्या, यंत्रं, माहिती यांचा गोंधळ व्हायचा. दोन डॉक्टर दमून टीव्हीवर शर्यत बघत होते. त्यांना वाटलं, ही माणसं जे करतात तेच आपल्याला करायचंय. त्यांनी फेरारीच्या लोकांना गाठलं. कुणी कुठं उभं राहायचं, कुणी आधी बोलायचं, सगळ्यांवर नजर कुणाची, हे ठरवून घेतलं. चुका कमी झाल्या, 2007 मध्ये त्याचा अभ्यासही छापून आला. मोठे डॉक्टर टायर बदलणाऱ्यांकडे शिकायला गेले.

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वा वा केलं. आणि मला आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवला.

दोन महिन्यांपूर्वी तिथं कुणीतरी एक विनोद टाकला होता. तुम्हाला माहीत असेल तो प्रकार, आमच्या लोकांची अक्कल पंक्चरपर्यंतच चालते अशा अर्थाचा. टाकणारा माणूस वाईट नाही, ईदला शीरखुर्मा प्यायला येतो. त्यानं आलेलं पुढं ढकललं. त्याच्याखाली पाच-सहा हसणारे चेहरे होते. त्यातला एक माझा. न हसलो तर रुसला म्हणतील, म्हणून हसलो.

त्याआधीचंही एक आहे. बी. एड.च्या प्रवेशाच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय असा रकाना होता. मी लिहिलं, "व्यापार". अक्षर माझं चांगलं आहे, ते अधिकच वळणदार काढलं. अर्जावर पालकांची सही लागायची. अब्बा मराठी चौथी शिकलेले. त्यांनी हात पुसले, अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली. सहीच्या कोपऱ्याला काळा अंगठा लागला. तो खोडरबरानं जाईना.

शेवटचा व्हिडिओ मोनॅकोचा होता, 2021 चा. बोट्टास दुसऱ्या नंबरवर. टायर बदलायला आला. पुढच्या उजव्या चाकाचा नट मशीननं सोडवायला गेले तर मशीन तिरकं लागलं आणि नटाचे दातच सपाट झाले. चाक निघेना. माणसं ओढतायत, मशीन बदलतायत, काही उपयोग नाही. बोट्टास गाडीतून उतरला, शर्यत संपली. ते चाक तिथं निघालंच नाही. गाडी इंग्लंडला कारखान्यात नेली, तिथं दोन दिवसांनी निघालं.

अब्बांनी मोबाईल हातात घेतला आणि डोळ्याजवळ धरला. "नट गोल हो गया," ते म्हणाले, जसा डॉक्टर एक्स-रे बघून म्हणतो. "इसमे उनकी भूल नै. घाई में पान्हा सीधा नै बैठता." मग थोड्या वेळानं, "छिन्नी लगा के मैं आधे घंटे में निकालता."

"दादा, वो करोड़ों की गाडी है," पुतण्या म्हणाला.

"तो क्या हुआ? नट तो नटच है ना."

रात्री पुतण्या झोपल्यावर मी अब्बांच्या गुडघ्याला शेक देत होतो. तेव्हा विचारलं. चोवीस वर्षं पोटात असलेलं विचारलं. "अब्बा, बी. एड.च्या अर्जावर मी व्यापार लिहिलं होतं. तुम्ही वाचलं होतं ना?"

"हौ."

"मग काही बोलला नाहीत?"

ते पंख्याकडे बघत होते. त्याचा आवाज अजून येत होता. "क्या बोलना? माल लेता था, बेचता था. व्यापारच तो था." मग माझा हात गुडघ्यावर जरा डावीकडे सरकवला. "इधर शेक."

मॅन्सेलच्या व्हिडिओनंतर मी जीपसारखं सगळं परत पाहिलं होतं. आता हेही तसंच झालं. नट मी सोडलेला, आणि माफी मागायची वेळ आली तेव्हा बाप खाली बसून म्हणतोय, माझ्याकडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर तो जुना विनोद शोधला आणि त्याच्याखाली लिहिलं: "माझे वडील पंक्चर काढायचे. चाळीस वर्षं. त्याच पैशांवर मी बी. एड. झालो. यावर मी हसलो होतो, ते चुकलं." बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग ज्यानं विनोद टाकला होता त्यानंच लिहिलं, "सर, माहीत नव्हतं." त्याचं बरोबर आहे. पंधरा वर्षं एका टेबलावर डबा खातोय आम्ही, मी कधी सांगितलंच नव्हतं.

अब्बा आता काठी घेऊन अंगणात फिरतात. पंख्याचा आवाज गेला, त्यांनीच खुर्चीवर बसून मला सांगत सांगत स्क्रू आवळून घेतला आणि वर स्वतः तपासला. रविवारी संध्याकाळी शर्यत असली की पुण्याला फोन लावून वेळ विचारतात. कोण पहिला आला याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. गाडी पिटमध्ये शिरली की ते टीव्हीकडे बोट करून मोजतात. "एक, दो, तीन..." मग क्षणभर थांबतात आणि सुटकेचा श्वास सोडतात. "हौ. चौथा बी है."